कान्हूच्या गोळ्या आणि वाडीचा वाटा

कुंभारवाड्याच्या तिठ्यावर शिल्पाचं औषधाचं दुकान आहे. बाई चांगली, खोड एकच: प्रश्न विचारते. तुम्ही डोकेदुखीची गोळी मागा, ती विचारणार, काल काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायलात, घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय का. एवढ्या चौकशा मीसुद्धा करत नाही, आणि या कामात माझं नाव बरंच मोठं आहे. मूळची ती रामनगरची. लग्न होऊन इकडं कशी आली तेही मला ठाऊक आहे, पण आज गोष्ट कान्हूच्या पायाची.

कान्हूनं झुडपं तोडताना कोयता स्वतःच्याच पायावर मारून घेतला. गवा अंगावर आला म्हणून हात चुकला, असं तो सांगतो. त्याची बायको केशर म्हणते, गवा कसला, शेजाऱ्याशी बांधावरून भांडत होता. ते काही असो, डॉक्टरांनी टाके घातले, आठवडाभराच्या गोळ्या लिहून दिल्या. शिल्पानं त्या समजावून दिल्या. चार-पाच दिवसांनी कान्हू कुणाच्या तरी मोटारसायकलवरून परत आला, तेव्हा पायाचा फणस झाला होता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा त्याच गोळ्या घ्या, पण विष वर चढलं तर बेळगावला न्यावं लागेल, आणि बोटं काढावी लागतील.

बोटं गेली तर चिखलात उभं कसं राहायचं, भात कसं लावायचं? एरवी वाऱ्याशी भांडणारा कान्हू सुजला पाय दोन्ही हातांत धरून शिल्पाच्या दुकानातल्या बाकावर बसला.

"मामी, गोळ्या वेळेवर दिल्या न्हवं?" शिल्पानं केशरला विचारलं.

"दिल्या की. दोन दिसांत संपल्या."

"संपल्या? आठवड्याच्या होत्या त्या!"

"अगं बाय, शेजारच्या पारूचा गुडघा धरला हुता, तिला दिल्या. पलीकडच्या घरातल्या गणपतीला खोकला, त्याला दिल्या. पल्लवीचं पोट दुखत हुतं..."

"आणि मामांना?"

"त्यास्नीबी दिल्या की. घरचा माणूस, त्यास्नी इसरीन व्हय?"

आता केशरला तरी काय बोलणार? आमच्या कुणबी वाड्यांत रानातला मध आला, नदीची मासळी आली, कणगांचे कंद खणून आणले, की आधी घरोघरी वाटे जातात. दार लावून एकट्यानं खाणाऱ्याचं नाव पार अणशी गावापर्यंत पोचतं. (पोचवणारे आम्ही आहोतच.) मग औषधच तेवढं एकट्यानं कसं खायचं?

शिल्पा ओरडली नाही. तिनं डॉक्टरांनी सांगितलेल्या पांढऱ्या गोळ्या एका पाकिटात घातल्या. मग खोकल्याला चघळायच्या आल्याच्या गोळ्यांची बरणी काढली आणि मूठभर दुसऱ्या पाकिटात ओतल्या.

"मामा, ह्या आल्याच्या. ह्या वाटा. दारात आलेला माणूस रिकामा जायला नको. पांढऱ्या मात्र तुमच्या एकट्याच्या."

"आणि कुणी पांढरीच मागितली तर?" कान्हूनं विचारलं.

"सांगायचं, आधी पायावर कोयता मारून घे, मग देतो."

कान्हू पहिल्यांदा हसला. शिल्पा मात्र नुसत्या हसण्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. गोळी घेतली का, म्हणून रोज कुणाकरवी तरी विचारायला पाठवायची. दोनदा तिनं मलाच पाठवलं. मी गेलो, आणि आल्याची गोळी घेऊन आलो.

पुढं शहरातून आरोग्याची पाहणी करणारे एक साहेब आले. दुकानात कागद पसरून शिल्पाला विचारत होते, खेड्यातल्या औषधवाल्यांना काय वाटतं, लोकांत अज्ञान फार आहे ना?

"अज्ञान न्हाई, साहेब," शिल्पा म्हणाली. "प्रेम फार आहे. त्याचा बंदोबस्त करा."

साहेबांना ते कुठल्या रकान्यात घालावं कळेना. त्यांनी छापील प्रश्न वाचला, "रोगी सांगितलेल्या गोळ्या पूर्ण घेतात का?"

तेवढ्यात कान्हू आत आला, स्वतःच्या दोन पायांवर. मागं केशर.

"घेत्यात की!" केशरच बोलली. "आमची समदी वाडी घेती. ह्यांचाच पाय बघा. आधी पांढऱ्या वाटल्या, त्या काय लागू पडल्या न्हाईत. मग आल्याच्या वाटल्या, तवा आला गुण!"

आणि कान्हूनं, साहेबांना नीट दिसावं म्हणून, पाचही बोटांसकट तो पाय उचलून त्यांच्या कागदांवर ठेवला.

शिल्पानं कपाळावर हात मारला. "साहेब, हे तेवढं लिहू नका. मामा, पाय खाली घ्या!"