डाव्या हाताचा ठोकळा

माझी आत्या कुणालाही माफ करत नाही. ती फक्त मुदत देते. शाळेत बाईंनी तिचा डावा हात बाकाला बांधून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. बत्तीस वर्षांनी त्या बाईंच्या निरोप समारंभाला आत्या खास भाड्याची गाडी करून गेली आणि शुभेच्छापत्रावर सगळ्यांदेखत डाव्या हाताने अशी ऐसपैस सही केली, की पुढच्या अकरा जणांना जागाच उरली नाही.

अशा बाईच्या वाटेला जाण्यापूर्वी माणसाने चौकशी करावी. ‘नवकल्पना विभागा’च्या साहेबांनी ती केली नाही.

आत्या विजेऱ्यांच्या कारखान्यात जुळणीच्या टेबलावर बसायची. विजेरीच्या बुडाशी स्प्रिंग दाबून झाकण फिरवायचं, एवढंच काम. पण ती स्प्रिंग दिवसातून शंभरदा उडायची आणि निम्म्या बायका टेबलाखाली रांगत असायच्या. आत्याने घरी एक लाकडी ठोकळा कोरला. मधे विजेरी उभी राहील असं भोक, बाजूला मनगट टेकवायला खाच. चाळीस सेकंदांचं काम एकोणीसवर आलं. तिने सूचनापेटीत रीतसर चिठ्ठी टाकली, तीही सहीनिशी.

साहेब घड्याळ घेऊन आले. पन्नास विजेऱ्या होईपर्यंत त्यांनी घड्याळावरची नजर काढली नाही. मग “दोनच दिवस” म्हणून ठोकळा घेऊन गेले. महिन्याभराने जिन्यापाशी ठोकळ्यासकट त्यांचा फोटो लागला, खाली ‘संकल्पना व रचना’ आणि त्यांचंच नाव. आत्या वर जाऊन विचारायला लागली, तेव्हा साहेब लाडाने म्हणाले, “मावशी, तुम्ही हात चालवा. डोकं चालवायला आम्ही आहोत ना.”

काका म्हणाले, जाऊ दे, पगार मिळतोय ना. आत्याने त्या दिवशी कांदा इतका बारीक चिरला, की काकांनी पुन्हा तो विषय काढला नाही. तिला पगारवाढ नको होती, बढतीही नको होती. ठोकळ्यावर तिचं नाव हवं होतं, आणि ते साहेबांच्याच हातून हवं होतं.

पुढच्या आठवड्यात चाळीस पोलादी ठोकळे आले. हुबेहूब, खाचेसकट. आत्याने एक उचलून पाहिला आणि पहिल्यांदाच हसली. खाच डावीकडे होती. आत्या डावखुरी, तेव्हा ती तिथेच असणार. पण टेबलावरच्या बाकी साऱ्या जणी उजव्या. त्यांचा हात आडवा पडायचा, कोपर शेजारणीच्या बरगडीत बसायचं आणि स्प्रिंग आता छतापर्यंत जायची. कारण सगळ्यांना पहिल्याच तासात कळलं. “आठ दिवस कळ काढा,” आत्या म्हणाली. त्यांनी अकरा काढले. खोटं कुणीच बोललं नाही. साहेबांनी विचारलंच नाही. ते वर काचेच्या खोलीत ‘सवय व्हायला वेळ लागतो’ असा तक्ता काढत बसले होते.

बाराव्या दिवशी मोठे साहेब पाहायला आले. साहेबांनी बाह्या सरसावून स्वतःच प्रात्यक्षिक दाखवायला घेतलं. पहिली स्प्रिंग मोठ्या साहेबांच्या चहात पडली. दुसरी चष्म्यावर. तिसरी अजून सापडलेली नाही. मग कुणीतरी म्हणालं, मावशींना बसवा. आत्या सावकाश उठली, पदर खोचला आणि बारा विजेऱ्या टकाटक लावून दिल्या. हा तिच्या डाव्या हाताचा खेळ, आणि ते मोठ्या साहेबांना दिसलं. म्हणजे ते नुसतं घड्याळ पाहणारे नव्हते.

“हा डावखुऱ्यांसाठी केलाय का?” त्यांनी विचारलं.

साहेब ठोकळ्याकडे नव्यानेच पाहू लागले. आत्या शांतपणे म्हणाली, “डोकं साहेबांनी चालवलं. हात कोणता, ते विचारायचं राहून गेलं त्यांचं.”

मोठ्या साहेबांनी सूचनांची फाईल तिथेच मागवली. चिठ्ठी तळाशी होती, डावीकडे कललेल्या अक्षरात, आणि तिच्यावर साहेबांचाच शिक्का होता: दखल घेतली.

खाच कुठे हलवायची, हे फक्त आत्याला ठाऊक होतं. नुसती उजवीकडे नेली तर झाकण फिरवताना मनगट अडायचं आणि तेही तिने केव्हाच सोडवून ठेवलं होतं. तिची अट एकच. नवीन ठोकळ्यांवर कोरायचं नाव साहेबांनी टेबलापाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. साहेबांनी लिहिलं. आत्याने कागद पाहिला, म्हणाली, अक्षर बरं नाही, पुन्हा लिहा. तीनदा लिहवलं.

जिन्यापाशीचा फोटो काढायला शिपाई शिडी घेऊन आला, तेव्हा आत्यानेच त्याला थांबवलं. “राहू दे,” म्हणाली. “नवीन मुली विचारतात हे कोण, मग आम्ही सांगतो.”

साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पोलादी ठोकळा असतो. जुन्या चाळिसांपैकी. आत्याची भेट आहे ती, आणि दर सोमवारी ती स्वतः वर जाऊन तो पुसून येते.