पस्तीस टक्क्यांवर थांबलेला काठ

वडगावातल्या आमच्या गल्लीत शांतता मिळते ती फक्त वीज गेल्यावर. एरवी सकाळपासून दोन्ही बाजूंच्या घरांत पॉवरलूम खडखडत असतात आणि त्या आवाजातच जन्मल्यामुळे आम्हाला तो ऐकू येत नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगात असंच असतं, घरांच्या भिंती थोड्या थरथरतात आणि तांब्यातल्या पाण्यावर गोल गोल रेघा उमटतात. पुढे अनगोळच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागले, तेव्हा टेबलावरचं पाणी इतकं निश्चल बघून मला पहिले आठ दिवस करमेना.

शाळा दोनला सुटते. घरी येऊन जेवले की मी कॉम्प्युटर लावायची आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या खुर्चीत येऊन बसायचे. मागची खिडकी पश्चिमेची. उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगत असायचे. आप्पा डोळे मिटायचे आणि सावकाश सांगायला लागायचे.

"दोन घे. तीन सोड. एक घे. पाच सोड."

मी पडद्यावरच्या चौकटी भरत जायची. घे म्हटलं की लाल, सोड म्हटलं की पांढरी. नक्षी अशीच वाचून दाखवायची आमच्याकडची पद्धत आहे. एकानं ग्राफचा कागद धरून वाचायचं, दुसऱ्यानं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, आणि ती कार्डं मागावर चढली की काठावर कुयरी उमटायची. फक्त आमच्या बाबतीत वाचायला कागद नव्हता. साखरेच्या आजारानं आप्पांचे डोळे नेले होते, चौकटी काय, समोरचा माणूसही त्यांना धुक्यातून आल्यासारखा दिसतो. ते वाचत होते ते डोक्यातून.

तो काठ आईच्या लग्नातल्या साडीचा होता. आप्पांनी ती साडी स्वतःच्या हातमागावर विणली होती, लग्न ठरल्यावर, कुणाला न सांगता. आई दोन वर्षांपूर्वी गेली. सवाष्ण गेली, म्हणून नवी हिरवी साडी आणायला माणूस निघाला होता, तर आप्पा म्हणाले, "नवी कशाला? तिची हाय की." ट्रंकेतली ती साडी काढून तिला नेसवली. साडी तिच्याबरोबर गेली. लग्नाचा एकच फोटो आहे, काळापांढरा, त्यात काठ म्हणजे नुसती एक करडी पट्टी.

मग एके दिवशी जेवता जेवता आप्पा म्हणाले, "तो काठ मला अजून येतोय बघ. तुझ्यासाठी एक साडी काढू या." तसे आम्ही बसायला लागलो. चार महिने दुपारी बसलो. कधीकधी आप्पा मध्येच थांबायचे, त्यांचा उजवा पाय जमिनीवर हलायचा, जणू खाली मागाची पावडी आहे. पाय हलला की पुढची ओळ आठवायची. कधी मला डुलकी लागायची आणि अर्धवट झोपेत वाटायचं, आई स्वयंपाकघरात आहे, ताटं लावते आहे, आता हाक मारेल. "सोड" म्हणाले की मी जागी व्हायची. त्या चार महिन्यांइतकी सुखी मी आयुष्यात फार कमी वेळा झाले आहे.

शेवटची ओळ झाली त्या दिवशी आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "झालं. डोक्यातलं काढून तुझ्या डब्यात ठिवलं. आता डोकं रिकामं." मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, कुयरीनंतरच्या ओळीत किती सोडायच्या? आप्पा बराच वेळ पाय हलवत बसले. "आता न्हाय येत गं," म्हणाले.

म्हणजे तो काठ आता जगात एकाच जागी होता. मी म्हटलं, पेन ड्राइव्हवर घेते, नाहीतर मेलवर पाठवून ठेवते. आप्पांनी हात झाडला. विणकराच्या घरचा जुना नियम आहे, पहिली साडी मागावरून उतरल्याशिवाय नक्षी उंबऱ्याबाहेर काढायची नाही. गल्लीत नक्षी फुटायला एक दुपार पुरते. मी वाद घातला. मग सोडून दिलं, कारण आप्पांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

त्या शनिवारी सकाळी कॉम्प्युटरवर पाटी आली, नवीन अपडेट तयार आहे. शाळेला उशीर होत होता. मी हो म्हटलं आणि आप्पांना सांगून गेले, "आपोआप होतंय, टक्के वाढतील, काही करू नका." शेजारचा मुलगा सकाळी पेपर वाचून दाखवायला येतो, त्याला आप्पा टक्के विचारत बसले. पस्तीसवर आकडा थांबला. मुलगा निघून गेला. तासाभरानं पेपरवाला बिल मागायला आला, त्याला विचारलं, तरी पस्तीसच. आप्पांनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं.

आता यावर बाहेरचा माणूस हसेल. पण आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, अडलेला माग चालू ठेवणारा विणकर मूर्ख. धागा तुटला, धोटा अडकला, तर आधी हात बटणावर, मग बाकीचं. एक मिनिट उशीर केला तर वीतभर कापड वाया जातं. आप्पांनी साठ वर्षं तेच केलं होतं.

मी घरी आले, तर दारातच म्हणाले, "मी बटण बंद केलतं. अडलं हुतं ते."

मी कॉम्प्युटर लावला. काळा पडदा, मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचं गोल फिरणारं चक्र, मग निळा पडदा, त्यावर एक उदास चेहरा आणि इंग्रजी आकड्यांचा एक कोड. मग आपोआप बंद. मग परत काळा, परत ठिपके, परत निळा. चार वेळा बघितलं आणि माझा तोल गेला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला माहीत आहे, आणि जिभेला हाड नसतं हेही.

"कुणी सांगितलं होतं बंद करायला? काही करू नका म्हणून सांगून गेलते न्हवं? आईची साडी तुमच्यामुळं गेली!"

आप्पा हाताला भिंत लागेपर्यंत मागे सरकले आणि खुर्चीत बसले.

आमच्या शाळेचे कॉम्प्युटर बघणारे एक काकतीचे कानडी गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. संध्याकाळी सहाला मी त्यांना तो कोड पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "आक्का, शाळेतले दोन पण असेच पडलेत. सगळीकडं झालंय. अपडेटच खराब आहे."

मी विचारलं, "आप्पांनी मध्येच बंद केलं, त्यामुळं नाही?"

"नाही हो. शाळेतले कुणी बंद केले नव्हते. तुमच्या आप्पांनी हात लावला नसता तरी हेच झालं असतं."

फोन ठेवला तेव्हा आप्पा पुढच्या सोप्यात पाठमोरे बसले होते, चार पावलांवर. मी सांगू शकत होते. मला अजून तो क्षण स्वच्छ आठवतो, देवापुढची समई, बाहेर कुणाच्या तरी घरची दुधाची कॅन आपटलेली. पण सांगायचं म्हणजे आधी मी बोलले ते परत घ्यावं लागलं असतं. आणि राग अजून उतरला नव्हता. नियम त्यांचाच ना, असं मी स्वतःला म्हणत होते, नक्षी पेन ड्राइव्हवर घेऊ दिली असती तर ही वेळ आली नसती. दुरुस्त झालं की सांगू, असं ठरवलं आणि भाकऱ्या करायला गेले.

रविवारी मी देव पाण्यात घालून बसले. एकदा पडद्यावर आपोआप दुरुस्तीचं बटण आलं, ते दाबलं, अर्धा तास ठिपके फिरले, शेवटी कॉम्प्युटर म्हणाला, दुरुस्त करता आलं नाही. मागच्या तारखेला परत जायची एक सोय असते, तिथं तारीखच नव्हती. गावातल्या दुकानवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "घेऊन या, फॉर्मॅट मारू, एका तासात नवा." फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं. तुमच्या फाइली आधी काढून देतो असंही तो म्हणाला, पण आप्पांनी ते ऐकलं आणि नुसती मान हलवली. डबाही उंबऱ्याबाहेर जायचा नव्हता. मी चिडले, पण या वेळी तोंडातल्या तोंडात.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. मी काळ्या पडद्यासमोर बसले होते, त्यात माझाच चेहरा दिसत होता आणि मागे खिडकीचा उजळ चौकोन. मला आईच्या साडीचा रंग आठवेना. लाल होता हे माहीत होतं, पण कसला लाल? मिरचीचा की डाळिंबाचा? जितकं आठवायला जावं तितका तो पाण्यात रंग सुटावा तसा पसरत गेला. तेव्हा मला खरी भीती वाटली. आप्पांना विचारावं असं वाटलं, पण आम्ही बोलत नव्हतो. त्यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच पडलेली होती, ती मी गाईला घातली.

सोमवारी शाळेतून आल्यावर मी सरांना फोन लावून तो टेबलावर ठेवला. ते सांगतील तसं करायचं ठरवलं.

"आधी चालू करा. ठिपके आले की बटण दाबून धरा, बंद पडेपर्यंत. असं तीनदा."

"मध्येच बंद करू?"

"हो. तीनदा अडलं की ते स्वतःच विचारतं, काय झालं म्हणून."

आप्पांनी जे एकदा केलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, तेच मी तीनदा केलं. मागच्या खुर्चीत ते बसलेले होते, प्रत्येक वेळी कॉम्प्युटरचा पंखा बंद पडल्याचा आवाज त्यांना ऐकू येत असणार. तिसऱ्यांदा खरोखरच निळ्या पडद्यावर पर्याय आले. त्यात अपडेट काढून टाकायचा एक होता. तो दाबला. पुन्हा ठिपके. पुन्हा, जमलं नाही.

"गडबड माडब्याड्री आक्का," सर म्हणाले. घाई करू नका. "आता सेफ मोडमध्ये जाऊ. तिथं थोडंच सामान घेऊन चालू होतं, मग आतून काढता येतं."

सेफ मोड आला. पडद्याचे चारही कोपरे काळे, अक्षरं मोठी मोठी, परकं घर असावं तसं. शनिवारच्या तारखेचं अपडेट यादीत सगळ्यात वर होतं. काढून टाका. खात्री आहे? आहे. मग एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. गल्लीतले माग चालू होते, उन्हात तंतू तरंगत होते, आणि मला असं वाटत होतं की ही दुपार मी आधी कधीतरी जगले आहे आणि पुढे काय होतं तेवढंच विसरले आहे. आप्पांचा पाय जमिनीवर हलत होता.

कॉम्प्युटर बंद झाला आणि चालू झाला. मागच्या वर्षी मी लावलेलं सुपारीच्या झाडांचं चित्र पडद्यावर आलं. मी सरांना "आलं" एवढंच म्हटलं आणि फाइल उघडली.

काठ तसाच होता. लाल चौकटी, पांढऱ्या चौकटी, कुयरी, तिच्या पोटात लहान कुयरी. मी रडले. लाजायचं काय त्यात, चांगली हुंदके देऊन रडले.

"सगळं हाय?" आप्पांनी विचारलं.

"सगळं हाय आप्पा. एक चौकट हललेली न्हाय."

त्यांनी हात पुढे केला आणि पडद्याला लावला. बोटं चुकीच्या जागी, रिकाम्या कडेवर होती. मी त्यांचा हात धरून काठावर ठेवला. ऊब असते पडद्याला. ते तसेच थांबले.

"माझ्या हातनं गेलतं," ते म्हणाले. "तुझ्या हातनं आलं. बरं झालं."

आता सांगणं भाग होतं. "तुमच्या हातनं न्हवतं गेलं, आप्पा. अपडेटच खराब हुतं. शाळेतले कॉम्प्युटर पण पडले. तुम्ही बटण बंद केलं नसतं तरी असंच झालं असतं."

"नसतं केलं तरी?"

"तरी."

ते केवढा तरी लांब श्वास घेऊन हसले. खांदे खाली आले. शनिवारपासून ते खांदे वर उचललेले होते, हे मला तेव्हा दिसलं. मग थोड्या वेळानं त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुला कवा कळलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं.

"शनिवारी. संध्याकाळी."

आप्पांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले. हात अजून पडद्यावरच होता.

"तवाच सांगायचं हुतंस गं," ते म्हणाले. "दोन दिस मी तिची माफी मागत बसलतो."