दोरीवरची झबली

आमच्या मोताळ्याकडच्या गावात देवीची लस टोचायला येणारा माणूस आधी अंगणातल्या दोरीवरची झबली मोजायचा. मला त्याचा भारी वैताग यायचा.

"मास्तर, झबले तीन मापाचे, अन् लेकरं दोनच?"

"पाहुण्यांचं आहे."

"पाहुनं दर खेपेले झबलं इथंच सोडून जाते काय हो?"

टोचलं की ताप येतो, म्हणून धाकटीला मी मागच्या खोलीत लपवत असे. तिलाच देवी आल्या. ती वाचली, पण तिच्यापासून लागण होऊन शेजाऱ्याचं तान्हं बाळ गेलं.

"कुठून आलं बाप्पा हे?" पुढच्या खेपेला शेजाऱ्यानं त्या लस टोचणाऱ्याला विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाजारातून आलं असन, भाऊ," म्हणाला आणि टोचायला पुढचा दंड धरला.

पुढे कित्येक वर्षांनी शेजारी वारला, तोवर मी त्याला सांगितलं नव्हतं. ते माझ्या घरातून आलं होतं.