शेवटच्या बाकावरची मेथी

शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका शेलारबाई माझ्या वर्गात पहिल्यांदा आल्या त्या मेथीची जुडी काखेत मारून. शेवटच्या बाकावर बसल्या, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि भाजी निवडायला लागल्या. मी फळ्यापाशी खडू धरून उभी. "चालू दे तुझं," बाई म्हणाल्या.

मी तेव्हा पुण्याहून लोकलनं चिंचवडला येणारी, बी.एड.चा निकाल पर्समध्ये घालून मिरवणारी ठोंबी. नोकरी एका वर्षाची. वर्ग सांभाळता आला तरच पुढची ऑर्डर, असं हेडसरांनी बजावलेलं. आणि तीनला कंपनीचा भोंगा झाला की आठवी ब त्याच्याहून मोठ्यानं भोंगा काढायची. मी त्यावर ओरडायची. बाई येऊन बसायला लागल्या आणि वर्ग चिडीचूप. मला वाटलं, आपल्या वाणीचा प्रभाव! बाई मात्र हेडसरांच्या हेर, याची खात्री. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत सगळ्याजणी गोल करून डबे खायच्या. मी खिडकीशी पाठ फिरवून एकटीच पोळी चावायची. शेवटी अर्ज लिहिला : 'माझ्या तासाला वर्गात भाजी निवडली जाते, तरी बंदोबस्त व्हावा.' अक्षर मात्र सुरेख होतं हो!

बंदोबस्त झाला. बाई यायच्या थांबल्या. मी मोसमी वारे शिकवत होते. भोंगा झाला आणि आठवी ब नं असा सूर लावला की हेडसर धावत आले. "असंच चाललं तर पुढच्या वर्षी अवघड आहे, बाई."

दुसऱ्या दिवशी गावातल्या मंडईतून मेथीची जुडी घेतली आणि शेलारबाईंच्या टेबलावर ठेवली. बाई शाळेत पुस्तकी बोलायच्या, पण माणूस आवडलं की त्यांचं जुनं चिंचवड बाहेर यायचं. जुडी उलटीपालटी करून म्हणाल्या, "जून हाय की गं. भाजीतलं बी कळत न्हाई तुला."

"तुम्ही माझं शिकवणं तपासायला यायचात ना?"

"तुझं कोण ऐकतंय! मी पोरांकडं बघत व्हते. भोंग्याशी भांडू नगं. वाजला की गप उभी ऱ्हा, पाणी पी. संपला की बोल."

त्या दुपारी बाई तीच जुडी घेऊन बाकावर हजर. भोंगा झाला, मी पाणी प्यायले. आठवी ब नं थोडा वेळ वाट पाहिली आणि कंटाळून वह्या उघडल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खिडकीपाशी ठेवलेला माझा डबा उचलून गोलात नेऊन ठेवला आणि स्वतःचा उघडला. "हिच्याच तासाला निवडलेली मेथी हाय. भूगोलाची चव लागतीय का बघा!"

"तरी बंदोबस्त व्हावा!" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना ठसका लागला. अर्ज साऱ्यांनी वाचला होता म्हणजे! मीही हसले, आणि जागा करून बसले.

ऑर्डर आली. पुढं चार वर्षांनी, निवृत्तीच्या दिवशी, बाई माझ्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. हात रिकामे.

"बाई, आज भाजी?"

"आज नुसती ऐकायला आले. चालू दे तुझं."

मी इतकी घाबरले की मोसमी वारे जमिनीकडून समुद्राकडे सोडले. सगळा वर्ग हसला. बाई सगळ्यात मोठ्यानं.

मी पाणी प्यायले. तीन वाजायला अजून अवकाश होता.