सासूच्या आधीचा घास

आपा, युसूफवडगावातून आमची बैलगाडी निघाली तेव्हा तू कडुलिंबाखाली उभी होतीस आणि अम्मी चाकाबरोबर चालत होती. दोन वर्षं पाऊस नव्हता. विहिरींच्या तळाशी पोरं खेळत होती. निजामाची मोगलाई सोडून सोलापूरच्या गिरणीत जायचं ठरलं होतं. माझ्या मांडीवर चार महिन्यांची हमीदा, शेजारी सासू, पुढे नवरा. अम्मी शेवटचं एवढंच बोलली, "सासूच्या आधी घास घिऊ नगंस, बाई. आमची अब्रू तुज्या हातात हाय." मी मुकाट्याने मान हलवली. माझी जुनीच खोड ती.

इथे एकच खोली. नवरा आणि मी दोघंही गिरणीत. हमीदा सासूपाशी, दुपारच्या सुट्टीत मी धावत येऊन तिला पाजायची आणि परत पळायची. गावी मोठ्या जनावराचं गोश्त म्हणजे दुपारपासूनचं काम, गोवऱ्यांच्या मंद विस्तवावर हंडी ठेवायची, बोटी बोटाने तुटेपर्यंत. इथे संध्याकाळचा भोंगा झाला की कुठली हंडी अन् कुठलं काय! मी गोश्ताच्या पातळ पट्ट्या कापायला शिकले. तव्यावर तेल, ठेचलेला लसूण, उभा कांदा, हिरव्या मिरच्या आणि काटक्यांचा मोठा जाळ. शेजारीण दोन भाकऱ्या थापेपर्यंत माझं गोश्त तयार. मला माझंच मोठं कौतुक वाटायचं.

नवरा जेवून उठायचा. सासूपुढे ताट ठेवलं की ती ते सरकवायची. "मला न्हाई भूक. तू खा," म्हणून भिंतीकडे तोंड करून निजायची. आता ती उपाशी असताना मी कशी खाणार? गोश्त झाकून ठेवायची आणि पाणी पिऊन पडायची. सकाळी नवरा तेच डब्यात न्यायचा. दिवसभरात पोटात काय, तर दुपारची कोरडी भाकर. मला वाटायचं, म्हातारीला दात नाहीत, हे घाईचं गोश्त चावत नाही, त्याचा राग काढतेय. मी रोज आणखी पातळ कापायची.

असे दोन आठवडे गेले. एका संध्याकाळी हमीदा ओढत राहिली आणि काहीच आलं नाही. दुसरीकडे घेतलं, तिथेही नाही. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वेड लागायची पाळी आली. तिला खाली ठेवलं, चुलीशी गेले आणि सासूच्या देखत तव्यातलं गोश्त हाताने तोंडात कोंबलं. जीभ पोळली. मी रडत होते आणि खात होते.

सासू उठून चुलीशी आली. "तू जेवत न्हवतीस? अगं, अंगावर पाजणारी तू. तुला दोन घास जास्ती मिळावं म्हून मी ताट सारत हुते. कावून न्हाई बोललीस?"

"तुमी तरी कावून न्हाई बोललात?"

सासूला उलट बोलायची ती माझी पहिली वेळ. मग आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो. तिला खरंच चावत नव्हतं.

दूध मात्र परत आलं नाही, आपा. हमीदा शेजारणीच्या शेळीच्या दुधावर कशीबशी जगली. आज सहा वर्षांची आहे. तिची काडीसारखी मनगटं बघितली की माझीच मला चीड येते.

अम्मी विचारते, घरी कधी येणार. तिला भेटायला येईन. पण त्या गावात मी लेक म्हणून राहिले, सून म्हणून राहिले, आणि 'मला भूक लागली' असं एकदाही तोंडाने म्हटलं नाही. इथे म्हणते. म्हणून घर आता हेच.