अंगठ्याखालचा चेहरा

पुस्तकातल्या जुन्या फोटोतल्या एखाद्या चेहऱ्यावर काका अंगठा ठेवायचे आणि विचारायचे, "सांग बे, अंगठ्याखाली कोन हाय?"

तुमच्याही गावात असेल असा माणूस, ज्याच्या दुकानात खतापेक्षा गप्पा जास्त खपतात. डोणगावात काकांचं कृषी केंद्र तसं होतं. रविवारी आम्ही चार-पाच पोरं खताच्या पोत्यांवर बसायचो आणि काका सोव्हिएत काळातल्या उझबेकिस्तानच्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा इतिहास सांगायचे. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला, मला थेट क्रांती हवी असायची. काका कापसापासून सुरुवात करायचे.

"आपल्यासारखीच पराटी तिथं. ज्यायनं पक्ष उभा केला, त्यायलेच पक्षानं गद्दार ठरवून गोळ्या घातल्या. मंग लोकायनं घरच्या पुस्तकातली त्यायची तोंडं शाईनं काळी केली."

"काऊन पण?" आमच्यातलं कोणीतरी विचारायचं.

"भेव, बापा. दुसरं काय?"

"आपण नसतं केलं," मी ताडकन म्हणायचो.

काका हसायचे. "तू तर ठिणगी होय. पोत्यापासून दूर बस!"

मागच्या वर्षी साध्या कपड्यातले दोन पोलीस दुकानात आले. गल्ल्यामागे आमचा सगळ्यांचा लोणारच्या सरोवरावरचा फोटो टांगलेला होता.

"हे पोट्टे कोण? काय शिकवता यांना?"

"गिऱ्हाईकं होत साहेब."

"नावं काढून ठेवा. परत येतो."

काकांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा तो फोटो चौकटीतून काढून त्यांच्या मांडीवर होता. हातात पोत्यांवर खुणा करायचा काळा मार्कर. आम्हा सगळ्यांचे चेहरे काळे झाले होते. मधोमध काका तेवढे उघडे, हसणारे.

"काका, हे तर तेच झालं!" माझा आवाज चढला.

"तेच होय?" मार्करचं टोपण त्यांना लावता येईना. "त्यायनं सोताले वाचवाले काळं केलं. मी तुमाले. फरक हाय ना रे?"

ते खरंच विचारत होते.

"जा आता. एकेकटे निंगा. रविवारी येऊ नका."

ते दोघं पोलीस परत आले आणि काकांना चौकशीला घेऊन गेले. आमच्या दारात कोणीच आलं नाही, म्हणजे काकांनी नावं सांगितली नाहीत. काकाही परत आले नाहीत. दुकानाचं शटर अजून खालीच आहे.

त्या फोटोची प्रत माझ्या मोबाइलमध्ये आहे. तीत सगळे दिसतात. परवा मेहकरच्या एसटीत ती उघडून बसलो होतो. शेजारी एक अनोळखी माणूस येऊन बसला, आणि माझा अंगठा आपोआप काकांच्या चेहऱ्यावर गेला.