सोमवारचा बल्ब

मानवतच्या कापसाच्या जिनातल्या वायरमन वीरभद्राप्पाला गावानं ज्योतिषी करून टाकलं होतं, अन् त्यात त्याचा काडीचा दोष नव्हता. निजामाच्या राज्यात वीज म्हणजे नवलच. जिनाचं एकच इंजिन. तेच कापसातली सरकी काढणार अन् तेच दहा-बारा घरांना दिवे पुरवणार. जिनात कापूस पडला की इंजिन दमायचं, दिवे मिणमिणायचे. कापूस संपला की ते मोकाट सुटायचं अन् बल्ब लखलखून फटाफट उडायचे. म्हणून वीरभद्राप्पा तारांकडे बघतच नसे. वेशीवर उभं राहून कापसाच्या बैलगाड्या मोजायचा अन् आज दिवे कसे राहतील ते सांगायचा.

त्या वर्षी हंगाम सरत आला होता, जिनात साठा उरला नव्हता. नेमकं अशात जिल्ह्याचे अव्वल तालुकदार, म्हणजे सगळ्यात मोठे साहेब, सोमवारी संध्याकाळी जिनात येणार असं ठरलं. मॅनेजर व्यंकटरावांनी हैदराबादेहून भोपळ्याएवढा बल्ब मागवला. वीरभद्राप्पानं बघताक्षणी सांगितलं, हा सोमवारी उडणार. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी पंचक्रोशीत कुणी बैल जुंपत नाही. गाड्या नाहीत तर कापूस नाही. व्यंकटराव पोट धरून हसले. बैलाचा अन् बल्बाचा संबंध काय म्हणे! वर बजावलं, बल्ब उडाला तर नोकरी गेलीच समज. घ्या! खरं बोलणाऱ्याला ही बक्षिसी.

सोमवारी अख्खं मानवत बल्ब उडताना बघायला लोटलं. साहेबांचं भाषण सुरू झालं ते संपेचना. कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून जमवलेला कापूस सरत आला, बल्ब लखलखून पांढराफटक व्हायला लागला. वीरभद्राप्पा धोतर सावरत घराकडे पळाला. लेकीच्या लग्नातल्या गाद्यांसाठी त्याच्या बायकोनं, चन्नबसम्मानं, तीन पोती कापूस जपून ठेवला होता. तिनं कपाळावर हात मारला अन् पोती पुढं ढकलली.

"बैलाला सोमवार हाय," ती म्हणाली, "तुमाला कुठला?"

डोक्यावर पोतं घेऊन तीन खेपा झाल्या. भाषण संपलं, टाळ्या पडल्या, बल्ब शाबूत. गाव मात्र हिरमुसलं. वीरभद्राप्पाचं भाकीत खोटं निघालं म्हणत जो तो घरी गेला. मिशीतला कापूस काढत तो मागं उरला. नोकरी राहिली, पण नाव गेलं, अन् ते त्याला लय लागलं.

पुढच्या सोमवारी तो घरोघर सांगत फिरला, आज दिवे लावू नका. कोण ऐकतंय! दिवेलागणीला बल्ब एकामागून एक उडाले. पहिला गेला तो भोपळ्याएवढा, व्यंकटरावांनी हौसेनं आपल्या बैठकीत नेऊन लावलेला.

मंगळवारी सकाळी व्यंकटराव स्वतः दारात हजर. हात चोळत म्हणाले, "वीरभद्राप्पा, आज दिवे कसे राहतील हो?"

तो तोंड उघडणार तोच आतून चन्नबसम्मा बोलली.

"आदी आमचा तीन पोती कापूस आणून टाका. मग सांगतील ते."